बुडाखाली उशी नंतर, आधी पायाला आधार

वाचकांचे प्रश्न : कॅनूमधली बैठक

कॅनू ही वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात तळ्याकाठी ती सहज भाड्याने मिळते. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उन्हाळी सहलींत तिने जागा पटकावली आहे. या वेळी निवडलेल्या पत्रांत तक्रार जवळपास एकच आहे : होडी आवडली, पण बसवत नाही.

प्रश्न : अल्गोंक्विन पार्कात आम्ही दोघांनी सोळा फुटी कॅनू भाड्याने घेतली. दोघंही नवखे. चाळीस मिनिटांत पायांना मुंग्या आल्या, माकडहाड दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी घरातली जाड उशी नेली, तर ती घसरत राहिली आणि होडी जास्त डुलायला लागली. पुन्हा जायचं आहे. होडी भाड्याची, त्यामुळे तिला भोक पाडता येणार नाही. काय करावं? (मिसिसागा, ऑन्टॅरिओ)

उशीने होडी डुलते हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दोघांचं वजन १४० किलो आणि होडीचं ३० किलो धरा. दोघांची बैठक ५ सेंटिमीटरने उंच झाली, तर सगळ्या भाराचा मध्य साडेतीन-चार सेंटिमीटर वर सरकतो. नवख्याला एवढा फरक लगेच जाणवतो. भीतीने अंग ताठ होतं आणि ताठ अंगाने बसल्यावर कंबर आणखी लवकर भरून येते. म्हणून उशी सगळ्यात शेवटी.

आधी पाय बघा. पाय कशालाही टेकलेले नसतील, तर वल्ह्याच्या प्रत्येक ओढीबरोबर तुम्ही बाकावर किंचित पुढे घसरता. असं शंभर वेळा झालं की कंबरेचा कटोरा (पेल्व्हिस) मागे कलंडतो, पाठीला पोक येतं आणि वजन बैठकीच्या दोन हाडांवरून माकडहाडावर जातं. दुखतं तिथे उशी घातली, तरी कटोरा कलंडलेलाच राहतो. शिवाय अधांतरी पायांचं वजन मांडीखाली, बाकाच्या पुढच्या दांडीवर येतं. मुंग्या येतात त्या तिथून.

मागे बसणाऱ्याने सामानाची पिशवी किंवा पिंप पायांपुढे ठेवावं आणि ते जवळच्या आडव्या दांडीला दोरीने पक्कं बांधावं. नुसतं ठेवलं तर दहा मिनिटांत पुढे सरकतं. अंतर असं ठेवा की चवडा टेकल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय पूर्ण सरळ झाले तर मांडीमागचे स्नायू कटोऱ्याला मागे ओढतात. पाय फार जवळ घेतले तर गुडघे कमरेच्या वर येतात आणि परिणाम तोच. पुढे बसणाऱ्यासमोर होडी निमुळती होत जाते, तिथे पिशवी मावत नाही. गुंडाळलेली फोमची झोपायची चटई त्या अरुंद जागेत आडवी दाबून बसवा. तीच पायांचा आधार होते. पाय मात्र कशालाही बांधायचे नाहीत, पट्ट्यात किंवा दोरीच्या फासात अडकवायचे नाहीत. होडी उलटली तर पाय आपोआप सुटले पाहिजेत.

दुसरी गोष्ट कल. बाकाच्या मागच्या अर्ध्या भागावर टॉवेलची घडी अशी ठेवा की मागे जाडी २ ते ३ सेंटिमीटर असेल आणि बाकाच्या मध्यापर्यंत ती शून्यावर येईल. कटोरा पुढे कलतो आणि पाठ स्वतःहून सरळ होते. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी चटई टॉवेलखाली घातली की घसरण थांबते. टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल्या बाकावर ती साबणासारखी सरकते.

तिसरी गोष्ट पुढची दांडी. नळाच्या पाइपावर चढवतात तो फोमचा नळा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो (भारतात एसीच्या पाइपावर असतो तो काळा). त्याला लांबीभर चीर असते. बाकाच्या रुंदीएवढा तुकडा कापून दांडीवर चढवा. मांडीखालची धार बोथट होते आणि उंची जवळपास वाढत नाही. बाक विणलेल्या पट्ट्यांचा किंवा वेताचा असेल तर हे जमतं. साच्यातल्या प्लास्टिकच्या खोलगट बाकाला दांडी नसते, तिथे टॉवेलच्याच घडीची पुढची कड पातळ ठेवावी लागते.

एवढं करूनही बाक टोचला तरच वर १० ते १५ मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम घाला. योगाच्या जाड चटईचा तुकडा चालतो. सोफ्यातला स्पंज नको. तो पाणी शोषतो, दबून सपाट होतो आणि दिवसभर ओला राहतो.

आणि एका स्थितीत तासभर बसू नका. वल्ह्याची बाजू बदलताना पायही बदला : एक पाय पुढे टेकलेला, दुसरा दुमडून बाकाखाली. थोड्या वेळाने उलट. पहिल्या दिवशी दीड तास पुरे, त्यात मध्ये एकदा तरी काठाला उतरून चाला. बाकावरची सगळी जुळवाजुळव काठावरच करा. पाण्यात असताना टॉवेल नीट करायला दोघंही एकाच बाजूला वळले की होडी उलटते. काठावर उतरल्यावर अर्ध्या तासातही बधिरपणा गेला नाही, किंवा कळ गुडघ्याखाली उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तो बाकाचा प्रश्न नाही.

प्रश्न : जुनी कॅनू विकत घेतली आहे. बाक काठाला बोल्टांनी टांगलेले आहेत. आम्हाला ते फार उंच वाटतात. खाली घेता येतील का? किती? (मिनियापोलिस)

येतील, आणि स्वतःच्या होडीत करण्यासारखं हेच पहिलं काम आहे. सध्या बाकाची वरची बाजू तळापासून किती उंच आहे ते मोजा. ती २८ ते ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर २.५ सेंटिमीटर खाली घेऊन एक महिना वापरून बघा. एकदम ५ सेंटिमीटर उतरवू नका. बाक खाली गेला की काठ तुमच्या मानाने वर येतो. बुटक्या माणसाचा अंगठा आणि मनगट प्रत्येक ओढीला काठावर घासतं. गुडघे वर येतात ते वेगळंच.

रचना अशी असते : काठाच्या पट्टीतून चार बोल्ट खाली येतात, प्रत्येकावर लाकडाचा पोकळ ठोकळा, त्याखाली बाकाची चौकट, मग वॉशर आणि नट. बाक खाली घ्यायचा म्हणजे ठोकळे लांब करायचे आणि तेवढेच लांब बोल्ट आणायचे. जुना बोल्ट दुकानात नेऊन त्याच जाडीचा, पण स्टेनलेस स्टीलचा घ्या. नट आत नायलॉनची चकती असलेला हवा, साधा नट लाटांच्या थरथरीने सैल होतो. ठोकळ्यांसाठी अ‍ॅशसारखं कठीण लाकूड वापरा. मध्यभागी भोक बोल्टापेक्षा किंचितच मोठं हवं. चारही ठोकळ्यांना, भोकाच्या आतूनसुद्धा, वॉर्निश लावा. लाकूड कुजतं ते भोकातूनच.

इथे लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. होडीच्या बाजू खाली आत येत जातात, त्यामुळे वर नीट बसणारी चौकट खाली घेतल्यावर दोन्ही बाजूंना टेकते. ती ठोकून बसवली तर होडीची बाजू बाहेर ढकलली जाते आणि पुढे तिथेच तडा जातो. नवीन उंचीवर आतली रुंदी मोजा आणि चौकटीची दोन्ही टोकं सारखीच कापा, प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिलिमीटर मोकळी राहतील इतकी. कापलेल्या टोकांनाही वॉर्निश हवंच. कापण्याआधी एक गोष्ट तपासा : बोल्टाचं भोक आणि चौकटीचं टोक यांच्यात पुरेसं लाकूड उरतंय का? दीड सेंटिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर चौकट तिथून फाटेल. अशा वेळी बाक कमी उतरवा किंवा चौकट नवी करा.

नट आवळताना लाकूड चेपेल एवढा जोर नको, बाक हलेनासा झाला की थांबा. नटाखाली उरलेला बोल्ट करवतीने कापून, कानशीने घासून त्यावर टोपीचा नट बसवा. हे शोभेसाठी नाही. बाकाखाली पाय दुमडताना उघड्या आट्यांनी घोटा सोलून निघतो.

बाक उतरवल्यावर वल्हंही तपासा. सपाट खुर्चीवर ताठ बसा आणि खुर्चीच्या पृष्ठापासून नाकापर्यंतचं अंतर मोजा. वल्ह्याची मूठ ते पातं सुरू होतं तिथपर्यंतची लांबी साधारण तेवढी हवी. उंच बाकासाठी घेतलेलं वल्हं आता २-३ सेंटिमीटर लांब वाटलं, तर ते याच कारणाने.

प्रश्न : इथले जाणकार गुडघ्यांवर बसूनच वल्हवतात आणि आम्हालाही तेच सांगतात. वज्रासन मला जमतं, पण पाच मिनिटांच्या वर नाही. खरंच गरज आहे का? (ओटावा)

शांत तळ्यात गरज नाही. वारा सुटला, लाट उठली किंवा ओढ्याचं वाहतं पाणी आलं, तर आहे. गुडघे तळाला टेकले की भाराचा मध्य खाली येतो आणि होडीला तीन ठिकाणी धरता येतं : दोन गुडघे आणि बूड. होडी कलली तर गुडघ्याने तळ दाबून ती सरळ करता येते. नुसतं बाकावर बसून ही पकड मिळत नाही. बर्चच्या सालीच्या जुन्या कॅनूंमध्ये बाक नसायचेच, वल्हवणारे तळाशी गुडघ्यांवर बसत.

पण हे वज्रासन नव्हे. वज्रासनात सगळं वजन टाचांवर आणि घोट्यांवर येतं. कॅनूत बूड बाकाच्या पुढच्या कडेवर टेकलेलं असतं, बरंचसं वजन बाक घेतो. गुडघे जेवढे फाकवता येतील तेवढे दोन्ही बाजूंना, तळ आणि बाजू मिळतात त्या कोनापर्यंत न्यायचे. पाच मिनिटांत दुखणारा माणूस अशा बैठकीत वीस मिनिटं सहज बसतो.

त्यासाठी बाकाची पुढची कड मागच्यापेक्षा खाली हवी. २५ सेंटिमीटर रुंद बाकाला पुढे २ सेंटिमीटर उतार दिला की सुमारे साडेचार अंशांचा कल मिळतो, तेवढा पुरतो. मिनियापोलिसच्या वाचकांना सांगितलेलंच काम, फक्त पुढचे दोन ठोकळे आणि बोल्ट २ सेंटिमीटरने लांब. सपाट बाकावर गुडघ्यांवर बसलं तर पुढची धार कुल्ल्यात रुतते. बहुतेक नवखे याच दुखण्याला गुडघ्यांचं दुखणं समजून ही बैठक सोडून देतात.

गुडघ्यांखाली १५ ते २० मिलिमीटर फोम घ्या. घोट्याच्या पुढे, पायाचा वरचा भाग तळाला टेकतो तिथे टॉवेलची छोटी वळकटी ठेवा. वज्रासनात तुम्हाला त्रास होतो तो बहुधा इथेच. गुडघ्याची गादी फाटली असेल किंवा सांधा बदललेला असेल, तर ही बैठक करूच नका. वारा आला की काठाला लागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : बाकाखाली पाय अडकणे. होडी उलटल्यावर बूट बाकात गुंतला तर माणूस होडीखाली राहतो. तळवा वर करून पाय मागे सपाट पसरलेला असेल तर त्याला जागा कमी लागते. बोटं दुमडून टाच वर उभी राहिली की तीच जागा अपुरी पडते. तपासणी जमिनीवर करा. होडी गवतावर ठेवून, पाण्यात घालणार तेच बूट घालून गुडघ्यांवर बसा आणि हात न लावता दोन्ही पाय एकदम बाहेर काढा. बूट कुठेही अडला तर त्या बुटांनी त्या होडीत गुडघ्यांवर बसायचं नाही. जाड तळव्याचे ट्रेकिंगचे बूट आणि लोंबत्या नाड्या यांत सगळ्यात वाईट. मऊ तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. बाक खाली उतरवण्याआधीही ही तपासणी करा, कारण बाक जेवढा खाली तेवढी पायांची जागा कमी.

ऑलिंपिकच्या शर्यतीत एका गुडघ्यावर उभं राहिल्यासारखं वल्हवतात, ती बैठक मनात आणू नका. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी १००० मीटर दुहेरी कॅनूत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं ते याच बैठकीत. पण ती होडी अरुंद असते, गुडघ्याखाली खास कोरलेला फोमचा ठोकळा असतो, आणि नुसता तोल साधायलाच बराच सराव लागतो.

प्रश्न : बाकावर पट्ट्यांनी बांधायची पाठीची खुर्ची मिळते. घ्यावी का? (न्यू जर्सी)

वल्हवणाऱ्यासाठी घाई नको. बहुतेक खुर्च्यांची गादी बैठक ३ ते ५ सेंटिमीटरने उंच करते, त्याचा परिणाम वर आलाच आहे. पाठ टेकली की कमरेतून वळणं थांबतं, ओढ फक्त हातांनी होते आणि संध्याकाळी खांदे जातात. पायांना आधार आणि बाकाला कल दिल्यावर बहुतेकांना खुर्चीची आठवण राहत नाही. तरीही हवी असेल तर पाठ २० ते २५ सेंटिमीटरच उंच, मऊ आणि पातळ गादीची घ्या, आणि ती विश्रांतीच्या वेळी टेकण्यापुरती वापरा. लाइफ जॅकेट घालून बसून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. जॅकेटच्या पाठीतला जाड फोम आणि खुर्चीची पाठ एकमेकांना भिडले की तुम्ही पुढे ढकलले जाता आणि जॅकेट हनुवटीपर्यंत वर येतं.

प्रश्न : आई भारतातून आली आहे, वय ६४. तिला मध्ये बसवून न्यायचं आहे. मधल्या आडव्या दांडीवर बसवलं तर चालेल? (टोरांटो)

नाही. ती दांडी होडीची रुंदी धरून ठेवायला आणि होडी खांद्यावर उचलायला असते. वजनाने ती मोडते, आणि तितक्या उंचीवर बसलेल्या माणसाबरोबर होडी उलटायला वेळ लागत नाही. आईंना तळावरच बसवा. खाली ५ ते ७ सेंटिमीटर जाड बंद छिद्रांचा फोम. इथे जाडी चालते, कारण त्यांची बैठक तशीही बाकांपेक्षा बरीच खाली आहे. पाठीमागे दांडीला बांधलेली मऊ पिशवी.

मांडी घालून बसायची सवय असेल तर त्या तशाच बसतील. अर्ध्या तासाने पाय पसरायला पुढे जागा ठेवा. अडचण बसण्यात नाही, उठण्यात आहे. खोल काठावर किंवा उंच धक्क्याला उतरवू नका. गुडघाभर पाण्यात होडी काठाला समांतर आणा, एकाने दोन्ही हातांनी होडीचा काठ धरावा. आईंनी दोन्ही हात होडीच्या दोन्ही काठांवर ठेवून आधी गुडघ्यांवर यावं, मग एक पाय बाहेर. होडीच्या आत असताना पाऊल नेहमी मध्यरेषेवर पडलं पाहिजे. साडीऐवजी सलवार किंवा ट्रॅक पँट बरी. कॅनडात होडीतल्या प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट होडीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. आईंचं नुसतं असू देऊ नका, अंगात घालून बकलं लावा.

प्रश्न : गुडघ्यांखालचा फोम होडीला चिकटवला, दुसऱ्याच खेपेला सुटून तरंगायला लागला. गोंद चांगला होता. (ठाणे)

होडी पॉलिथिलीनची असणार. या प्लास्टिकला साधारण कुठलाच गोंद धरत नाही. नख लावल्यावर पृष्ठभाग किंचित मेणचट लागतो का बघा. तसं असेल तर चिकटवण्याचा नाद सोडा. दोन्ही गुडघ्यांना पुरेल असा एकच रुंद तुकडा कापा, त्याला दोन कोपऱ्यांत भोकं पाडून बारीक दोरीने बाकाच्या चौकटीला बांधा. दोरी आखूड ठेवा, पाय अडकेल असा फास राहता कामा नये.

होडी फायबरग्लासची असेल तर चिकटतं, पण पद्धत पाळावी लागते. तळ बारीक पॉलिश पेपरने खरवडायचा, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायचा. सिंथेटिक रबरचा गोंद (सुतार लॅमिनेटसाठी वापरतात तो) दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं थांबायचं आणि मग एकदाच बरोबर जागी दाबायचं. गोंद ओला असताना चिकटवला तर आतला द्रव अडकून राहतो आणि फोम फुग्यासारखा सुटतो. चोवीस तास पाणी नको. थर्मोकोलला हा गोंद लावू नका, ते विरघळतं. पावसाळी दमट हवेत हे काम टाळलेलंच बरं.

प्रश्न : साळ नदीत कयाक चालवतो. वर बसायची, प्लास्टिकची. तासाभरात कंबर धरते, आणि मांड्यांना पुरळ येतं. (मडगाव)

कयाकमध्ये (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याच्या होडीत) बूड आणि टाचा जवळपास एकाच पातळीवर असतात, त्यामुळे कंबरेचा कटोरा मागे कलंडण्याचा त्रास कॅनूपेक्षा जास्त. पाठीच्या पट्ट्याचे चारही क्लिप तपासा. पुढचे दोन सैल असतील तर पाठ टेकताच मागे झुकते. पट्ट्याची खालची कड पँटच्या कमरपट्ट्याच्या रेषेत आणा आणि पुढचे पट्टे पाठ ताठ होईपर्यंत ओढा, त्याहून जास्त नको. पायांसाठी तळात खाचा असतात. गुडघे वाकलेले राहतील, बाहेरच्या बाजूला थोडे कलतील आणि टाच घट्ट बसेल अशीच खाच निवडा. बुडाच्या मागच्या बाजूला टॉवेलची पातळ घडी इथेही काम करते.

पुरळ खाऱ्या पाण्यातल्या घासण्याने येतं. जीन्स आणि जाड शिवणीची बर्म्युडा सोडा, अंगाला चिकटणारी, शिवण सपाट असलेली टाइट्स घाला. बैठकीत सतत पाणी साचत असेल तर ते कुठून येतं ते बघा. तुमच्या वजनाने खालच्या भोकांतून वर येत असेल तर फक्त बैठकीतली भोकं रबरी बुचांनी बंद करा. लाटांचं पाणी वरून पडत असेल तर भोकं उघडीच ठेवा, नाहीतर ते निघून जायला वाट उरत नाही. घरी आल्यावर मांड्या गोड्या पाण्याने धुवा आणि कोरड्या झाल्यावरच कपडे घाला.